टोपाची उजवी बाजू

तेराव्याला आलेले पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि मग एका दुपारी मी गच्चीवरच्या खोलीचं दार उघडलं. ही माझ्या धाकट्या भावाची कामाची खोली. नाटकमंडळ्यांना, शाळांच्या स्नेहसंमेलनांना, मिरवणुकांना लागणारे टोप, ढाली, चिलखतं तो इथे बनवायचा. वसमतच्या बाजारात त्याचं दुकान नव्हतं. ज्याला हवं तो आमच्या घराचा जिना चढून वर यायचा. पोटात दुखतंय म्हणून आम्ही त्याला इथल्या दवाखान्यात नेलं, तिथून नांदेडला हलवलं, आणि नांदेडहून आणलं ते ओसरीत ठेवण्यापुरतं. वरती तो परत गेलाच नाही. त्यामुळे खोली त्यानं सोडली तशीच होती. रंगाच्या वाट्यांवर साय धरली होती. ब्रश ज्या पाण्यात उभे होते ते आटून डब्याच्या तळाशी नुसती राखाडी चकती उरली होती.

टेबलावर एक टोप होता. नाकावर उतरणारी पट्टी, दोन कानपट्ट्या, मानेवर सोडलेली जाळी. जुन्या दख्खनी शिपायाचा असतो तसा. दिसायला लोखंडी, पण उचलला की हाताला वजनच लागत नाही, कारण तो फोमचा. व्यायामाला अंथरतात तसल्या जाड शीटचे तुकडे कापून, गरम करून वळवून, वरून फेविकॉलचे हात देऊन तो घडवलेला. जाळी सुतळीची, विणलेली. कडेचे खिळे म्हणजे हरभऱ्याची डाळ. एकेक डाळ चिकटवून तिच्यावर रंग चढला की खिळ्याचं गोल डोकं तयार. आई त्यावरून त्याला बोलायची, "लोकाची लेकरं डाळ खातेत, माझं लेकरू टोपाला चिकटवून राहिलं."

टोप घडवून झाला की त्याच्या आवडीचं काम सुरू व्हायचं. कोरा टोप जुना करायचा, लढाईतून आलेला दिसेल असा. तापवलेल्या सोल्डरिंगच्या टोकानं तो घाव घालायचा, घावाच्या तळाशी काळा रंग भरायचा आणि कडेवर चंदेरी रंगाची बारीक रेघ ओढायचा, कारण लोखंड तिथे नव्यानं उघडं पडलेलं असतं. भांडी घासायच्या स्पंजाचा तुकडा रंगात टिपून तो टवके उडवायचा. खिळ्यांच्या खालून गंजाचे ओघळ. सगळ्यात शेवटी वस्त्रगाळ केलेली शेतातली माती, कोरड्या ब्रशानं खाचाखोचांत बसवलेली.

पण एकही घाव तो उगाच घालायचा नाही. तो कुणी घातला हे आधी ठरलं पाहिजे. मी कॉलेजातून घरी आले, चहा घेऊन वर गेले की विचारायचा.

"ताई, हा वार बघ. कुणी केला सांग."

"तूच केलास. माझ्या डोळ्यांदेखत."

"तसं न्हाई गं. घोड्यावरच्यानं का पायी चालणाऱ्यानं?"

"घोड्यावरच्यानं."

"मग वरून आला. म्हणून खाली येता येता उथळ झाला. बराबर?"

"मला काय विचारतोस? मी काय लढाईला गेले होते?"

"तू ग्रंथपाल. दिवसभर मेलेल्या माणसांत बसून राहती. त्यांचं तुला माहीत असायला पाहिजे."

यावर तो स्वतःच हसायचा. मी त्याच्या पाठीत धपाटा घालायची आणि रंगाचा हात तो मुद्दाम माझ्या पदराला पुसायचा.

समोरचा माणूस उजव्या हातानं मारतो, म्हणून घाव डावीकडे जास्त, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे प्रत्येक टोप तो डावीकडून सुरू करायचा. टेबलावरच्या टोपाचीही डावी बाजू पूर्ण झाली होती. घाव, टवके, गंज, माती, सगळं. ती बाजू बघितली की तोंडात लोखंडाची चव यायची. उजवी बाजू मात्र नुसती काळी, वर चंदेरीचा एक सपाट हात. नाकपट्टीच्या मधोमध हद्द होती.

टोप हट्टा गावच्या नाटकमंडळीचा होता. मंडळीचे प्रमुख व्यवसायानं शिंपी, पिढ्यान्‌पिढ्या हट्ट्यातच राहिलेल्या मुसलमान घरातले. गावच्या जत्रेतल्या नाटकाचे कपडे त्यांच्या वडिलांनी शिवले, आता ते शिवतात आणि नाटकही तेच बसवतात. माझ्या भावाशी त्यांची दोस्ती होती. मौतीला आले होते तेव्हा भिंतीशी उभे राहिले होते. काही आठवड्यांनी परत आले तेव्हा पाणी पिऊन पेला खाली ठेवला.

"ताई, एक बोलू का? राग नका धरू."

"बोला ना."

"जत्रा जवळ आली. तालमी चालू हायेत. टोप जसा हाय तसा द्या. आमी वरून चांदीचा स्प्रे मारून घेतो. दोनी बाजू सारख्या होतील, अन् लोकांना लांबून काय दिसून राहिलं?"

ते बरोबरच बोलत होते. माझ्या भावाबद्दल त्यांना जिव्हाळा होता म्हणूनच त्यांनी आवाज इतका खाली आणला होता. पण त्याचे आधीचे सगळे टोप गावोगावी गेलेले. कुठे कुणाच्या पत्र्याच्या पेटीत, कुठे शाळेच्या अडगळीत. घरात त्याच्या हाताचं एवढंच उरलं होतं, अर्ध्या टोपावर, आणि ते एका मिनिटाच्या फवाऱ्याखाली जाणार होतं.

"स्प्रे नका मारू," मी म्हणाले. "उजवी बाजू मी करते. मग घेऊन जा."

"तुमी?"

"मी."

"तुमी काहून तकलीफ घेता, ताई?"

स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "करू द्या तिला. तशी बी जेवत न्हाई, झोपत न्हाई. हाताला तरी काम राहील."

रोज कॉलेज सुटलं की मी वर जाऊ लागले. पहिल्यांदा मी डावीकडचे घाव बघून उजवीकडे खडूनं तशाच खुणा केल्या. मग टोप समोर धरला. दाराच्या दोन्ही अंगांना काढलेल्या सारख्या रांगोळीसारखा दिसत होता. त्या वारांना मारणारा माणूसच नव्हता. खुणा पुसल्या. उजवीकडे वार कमी, मग या बाजूनं झिजावं कशानं? हे विचारायला आता कुणी नव्हतं, म्हणून मीच ठरवलं. हा शिपाई मुक्कामाला टोप खोगिराला उजवीकडे अडकवत असेल, तो दिवसभर चामड्याला घासत असेल. पहाऱ्यावर बसल्या बसल्या भिंतीला उजवं डोकं टेकत असेल. वार नाहीत, नुसतं घासणं. नांदेडला भावाच्या डाव्या हाताला सलाइन होतं, म्हणून शेवटपर्यंत तो उजव्या कुशीवर होता. त्याच्या उजव्या कानाची पाळी उशीवर चेपून लाल झाली होती. मी ती अधूनमधून चोळून द्यायची. टोपाच्या उजव्या कानपट्टीवर चंदेरी रंग घासताना माझं बोट त्याच जोरानं चालत होतं.

कडा घासून उघड्या केल्या. स्पंजानं थोडे टवके उडवले. ते वाईट झाले नव्हते. मग गंजाची पाळी आली. भाऊ गेरू, थोडं तपकिरी आणि पिवडी मिसळायचा. पिवडी म्हणजे भिंतीला देतात ती पिवळी माती. तिची वाटी रिकामी होती. बाजारात दोन दुकानांत विचारलं, कुणी ठेवतच नाही आता. हळद शिजवायचे दिवस होते. गावाबाहेरच्या कढयांचा उग्र वास घरापर्यंत यायचा, मोंढ्याच्या बाजाराकडून येणाऱ्या माणसांच्या चपला पिवळ्या असायच्या. आमच्या घरात चहापत्ती संपेल, हळद संपत नाही. मी खालून चमचाभर हळद आणली आणि गेरूत कालवली.

ओला असताना तो रंग चांगला दिसला. वाळल्यावर खिळ्यांखालून वरणाचे ओघळ आल्यासारखे दिसू लागले. मला हसू आलं. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा. त्यानं हे बघितलं असतं तर चिडवायला महिनाभर पुरवलं असतं. पुसून पुन्हा करू म्हणून मी फडकं साबणाच्या पाण्यात बुडवलं आणि टोपावर पिळलं.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. असे लाल झालेले टॉवेल, पदर मी जन्मभर बघत आले. पण त्या वेळी डोक्यात आलं नाही ते नाहीच. ओघळ रक्तासारखे लाल झाले आणि पसरले. मी घाबरून टोप आडवा केला, तसं ते लाल पाणी माथ्यावरून वळून डाव्या बाजूला उतरलं. मी फडक्यानं ते टिपलं, मग पुसलं, मग घाईघाईनं पुन्हा पुसलं. फडकं बाजूला घेतलं तेव्हा त्यावर माती होती. गंज होता. त्याचा.

रंग पक्का करणारं वार्निश तो अगदी शेवटी मारायचा, दोन्ही बाजू झाल्यावर. हे मला माहीत होतं. दोन्ही बाजू कुठे झाल्या होत्या?

आई जिना चढून आली. तिचे गुडघे दुखतात, ती सहसा वर येत नाही. तिनं टोप बघितला, फडकं बघितलं.

"त्यानं केलेलं गेलं का?"

मी हो म्हणून मान हलवली.

ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "आंघोळ घालायच्या वेळी मला वाटलं व्हतं, नखातला रंग तेवढा ठेवा म्हणावं," ती म्हणाली. "पण भावकीतल्या माणसांनी घासून काढला. चांगल्या मनानंच काढला." मग म्हणाली, "ऊन उतरायच्या आत आवर. ओलं ठेवलं तर कुबट वास येतो."

त्यानं जाळून कोरलेले घाव तसेच होते. ते कशानंही पुसले जाणार नव्हते. पण त्यांतला रंग, कडेवरची चंदेरी रेघ, ओघळ, माती, हे सगळं मी केलं. गेरूत हळद न घालता काळा रंग थोडा जास्त घातला, उजवीकडेही तोच दिला. बांधावरची माती आणून जुन्या ओढणीतून गाळली. प्रत्येक घावापाशी थांबून मी स्वतःला विचारलं, कुणी घातला, कुठून आला. काहींची उत्तरं त्यानं मला सांगितलेली होती, काहींची नव्हती. ज्या डाव्या बाजूवर मी दुसऱ्याला स्प्रे मारू दिला नाही ती मीच पुन्हा रंगवली. एवढंच की वेळ जास्त लागला.

डाव्या कानपट्टीच्या खालच्या कडेला, जिथे फडकं पोचलं नव्हतं, तिथे अंगठ्याएवढी जागा राहिली. तिथला गंज वेगळा होता. नारिंगीवरून काळ्याकडे कसा गेला ते नजरेला पकडता येत नव्हतं. त्या जागेला मी ब्रश लावला नाही. सगळं वाळल्यावर वार्निश मारलं तेव्हा तिच्यावर दोन हात दिले.

रविवारी टोप पिशवीत घालून एसटीनं हट्ट्याला निघाले. शेजारच्या सीटवर एक म्हातारी होती, मांडीवर कोथिंबिरीचं गाठोडं.

"काय हाय वं पिशवीत? पातेलं?"

मी टोप थोडा बाहेर काढून दाखवला.

"अगं बाई! लोखंडाचा व्हय?"

"न्हाई मावशी. फोमचा. नाटकातला."

तिनं घावांवरून बोट फिरवलं. "मग ह्यानं एवढा मार काहून खाल्ला?"

"खाल्ला," मी म्हणाले. तिचं समाधान झालं असावं. तिनं खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले.

तालीम शाळेच्या मैदानावर, लिंबाखाली चालली होती. प्रमुखांनी टोप दोन्ही हातांत घेतला, उन्हात नेला, फिरवून फिरवून बघितला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"वा!" ते म्हणाले. "दोनी बाजू सारख्याच दिसून राहिल्या, ताई. त्याचं कुठवर अन् तुमचं कुठून, काहीच कळत न्हाई."

त्यांना ते कौतुकानं म्हणायचं होतं. माझी नजर डाव्या कानपट्टीवरच राहिली तेव्हा त्यांनी वर बघितलं. शिलाईत उसवलेलं ज्या नजरेला सापडतं तीच नजर. त्यांनी टोप परत डावीकडे फिरवला आणि घावांच्या कडा बघितल्या. मग हळू विचारलं, "त्याचं काय राह्यलं ह्याच्यात?"

मी कानपट्टीची कड दाखवली. "एवढं."

त्यांनी खाली वाकून ती जागा बघितली, बोट न लावता. शिपायाचं काम करणारा तरुण टोप घालायला उत्सुक होऊन मागे उभा होता. त्याला त्यांनी हातानं थांबवलं.

"ताई, टोप घालताना-काढताना धरायची जागा हीच हाय. हितं हात लागणारच."

"वार्निश आहे वरून."

"वार्निश दोन-तीन खेळ टिकंल. मग जाईल. तुमी म्हणत असाल तर हा टोप न्या घरी. मी दुसरं काही बघतो. पुठ्ठ्याचा करून घेतो. राग न्हाई, खुदा की कसम."

लिंबाची वाळकी पानं जाळीत अडकली होती. मी ती काढली. टोप पुन्हा पिशवीत घालावा, मिळेल ती गाडी पकडावी, असं मला फार वाटलं. घरी कपाटात कुणाचा हात लागला नसता. मी आणि आईनं तो बघितला असता, काही दिवस रोज, मग सणासुदीला.

"घालू द्या त्याला," मी म्हणाले.

तरुणानं डावी कानपट्टी बरोबर त्याच जागी अंगठ्यानं धरली आणि टोप डोक्यावर चढवला. घट्ट बसेना म्हणून काढला, परत चढवला.