गायकवाडकाकांचा खडू

गायकवाडकाकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, खडूचा तुकडा असायचा. कात्रपला आमच्या समोरच्या घरात ते एकटेच राहायचे. बाहेर पडताना दारावर लिहून जायचे, ‘भाजीला गेलो. येतोच.’ “भाजीला जाताय की दिल्लीला?” असं आई चिडवायची. काकांचं उत्तर ठरलेलं, “आलेला माणूस बंद दार बघून परत जाऊ नये, वहिनी.”

ही सवय अंबरनाथच्या कंपनीच्या चाळीतली. कंपनी बंद पडली तेव्हा एकेक कुटुंब दारावर नवा पत्ता लिहून निघालं. काकांचा जिवाभावाचा दोस्त सदाशिव मात्र काहीच न लिहिता गेला. “नोकरी गेल्याची लाज वाटली असेल येड्याला,” काका म्हणायचे.

माझा तेव्हा सायबर कॅफे होता. पांगलेल्या चाळकऱ्यांसाठी काकांनी माझ्याकडून एका फुकटच्या साइटवर पान करून घेतलं. कुणी वांगणीहून, कुणी थेट दुबईहून त्यावर आपला पत्ता टाकायचं. काकांनी स्वतःचा सगळ्यात वर टाकला होता. रोज येऊन विचारायचे, “सदा आला का गं?”

एक दिवस ती साइटच बंद होणार असल्याची सूचना आली. मी दुसरी साइट शोधली, सगळं तिकडे हलवलं आणि मोठ्या ऐटीत काकांना दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला.

“आणि जुनं पान?”

“ते पुसून टाकणार, काका.”

“म्हणजे दारच उखडून नेणार? मग सदा वाचेल कशावर?”

मला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही.

काका रंगाचा डबा घेऊन अंबरनाथला गेले. चाळी पाडल्या होत्या, गेटजवळची भिंत तेवढी उरली होती. तिच्यावर ते नव्या पानाचा पत्ता रंगवत बसले. मध्येच मला फोन, “अगं, तो डॉट केवढा काढू?”

काका आता नाहीत. आठवतात ते मात्र भिंत रंगवल्यानंतरच्या एका सकाळचे. भाजीची पिशवी घेऊन ते जिना चढत होते, मी मागे होते. वरच्या पायरीवर एक म्हातारा बसला होता. भिंतीवर वाचलेलं पान उघडून नातीने त्याला पत्ता काढून दिला होता, हे नंतर कळलं. काका दाराकडेच बघत राहिले. त्यांच्या ‘येतोच’च्या खाली विटेच्या तुकड्याने वेडंवाकडं लिहिलं होतं, ‘थांबलोय. जय भीम. सदा.’