राजरत्न आणि परत आलेल्या गाड्या

आमच्या परळच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राजरत्न राहतो. कॉटन ग्रीनला एका जुन्या गोदामात कामाला आहे. तिथे आता कापूस नाही, गाड्या उभ्या असतात. कंपन्या नोकरदारांना तीन-चार वर्षांसाठी भाड्याने गाडी देतात, त्याला लीज म्हणतात. मुदत संपली की गाडी परत येते ती राजरत्नच्या यार्डात. तिची किंमत किती उरली, ते तो ठरवतो.

मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण त्याचं काम मला पहिल्याच दिवशी समजलं. आमच्या बैलबाजारात दलाल बैलाचं तोंड उघडून दात बघायचा. मालक सांगेल ते वय त्याच्या कानात शिरायचंच नाही. राजरत्न गाडीचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघतो. टोकाला सुकलेला गाळ दिसला की गाडी पाण्यात बुडालेली होती, मालकाने कितीही शपथा घेऊ देत. एकदा एका साहेबाने सांगितलं, गाडी फक्त देवळात जायला वापरली. राजरत्नने ब्रेकच्या पेडलचं झिजून गुळगुळीत झालेलं रबर दाखवलं आणि विचारलं, "साहेब, देऊळ कुठे आहे, काशीला?" ही गोष्ट मी सगळ्यांना सांगतो.

तर माझी सून वैदेही. तिचं माहेर वरळी कोळीवाड्याचं. तिची आई दुर्गाबाई पहाटे भाऊच्या धक्क्यावरून मासळी उचलतात आणि दादरला विकायला बसतात. आता गुडघे गेलेत, आणि टोपली दिसली की टॅक्सीवाले पुढे निघून जातात. "माणसाला घेतात, मासळीला नाय," असं त्या म्हणतात. आईसाठी गाडी हवीच, म्हणून वैदेहीने चार-पाच कंपन्यांचे लीजचे दर काढले. सगळ्यात स्वस्त होता महिना साडेपंधरा हजार. महिनाअखेरच्या आत सही केली तर पहिल्या महिन्याचं भाडं माफ. तीन वर्षांनी गाडी परत द्यायची, नाहीतर सहा लाख भरून आपली करायची.

सहीला दोन दिवस उरले होते. मी म्हटलं, राजरत्नला कागद दाखव.

तो आला, चहा घेतला, कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "वहिनी, गाडीत मासळी जाणार?"

"रोज. त्यासाठीच तर घेतेय."

"मग परत कशी देणार? बर्फाचं पाणी गालिच्याखाली उतरतं. परत घेताना ओरखड्याचेसुद्धा पैसे कापतात. वास आला तर गालिचा, सीट, सगळं तुमच्या नावावर."

"मग सहा लाख भरून ठेवून घेईन."

"उद्या यार्डात या. नाना, तुम्हीपण चला."

यार्डात तीच गाडी, तोच रंग, तीन वर्षं वापरलेली, अशा सहा उभ्या होत्या. काचेवर किमती लिहिलेल्या. सगळ्यात चांगलीची चार लाख साठ हजार. वैदेही त्या आकड्याकडे बघत राहिली.

"तुमच्या कागदावर सहा लाख उरतील असं धरलंय," राजरत्न म्हणाला. "उरलेली किंमत जास्त धरली की भाडं कमी बसतं. गाडी परत देणाऱ्याला हा दर झकास. ठेवून घेणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये."

"मग आईला काय सांगू? अजून वर्षभर टोपली घेऊन उभी राहा?"

राजरत्न त्या सहा गाड्यांकडे वळला. एकेका गाडीत बसून बेल्ट ओढत गेला. तिसऱ्या गाडीतून उतरला नाही. इंजिन चालू केलं, डोळे मिटून ऐकलं.

"ही घ्या," तो म्हणाला. "चार वर्षांचं कर्ज काढलंत तर हप्ता बारा हजारांच्या आसपास बसेल. पहिल्या दिवसापासून तुमची, मासळी न्या नाहीतर म्हैस."

"आणि तुझं काय?" मी विचारलं.

"मला काय, नाना. धक्क्यावर हलवा चांगला मिळाला तर आठवण ठेवा."

ते कागद सहीशिवायच राहिले. आता रोज पहाटे वैदेही ती तिसरी गाडी चालवते, दुर्गाबाई पुढे बसतात, टोपल्या मागे. गेल्या रविवारी गाडी आमच्या दारात थांबली तेव्हा राजरत्नने सवयीने आत डोकं घातलं आणि नाक दाबून बाहेर काढलं.

"वहिनी, आता हिचे कोणी लाखभरही देणार नाही."

"तिला इकतोय कोण?" दुर्गाबाई म्हणाल्या, आणि खिडकीतून त्याच्या हातात हलव्याची पिशवी दिली.