मंगलची दोन लेकरं

मंगल जत तालुक्यातल्या एका माळरानावरच्या गावची. घराणं पणजोबापासून ख्रिस्ती, पण गावात त्याचं वेगळेपण फारसं जाणवायचं नाही. नाताळला दारावर कागदी तारा लागायचा आणि रविवारी बाप धुवट सदरा घालून शेजारच्या गावातल्या चर्चला जायचा, एवढंच. शेळ्यांमागं फिरत फिरत मंगल बारावी झाली आणि मिरजेत नर्सिंग शिकली. तिथल्याच एका प्रार्थनासभेत तिला विश्वजित भेटला. तो साताऱ्याचा. एमआयडीसीतली नोकरी सोडून चर्चचा पाळक व्हायला निघाला होता. उंच, बोलका, आवाज असा की माइक नसला तरी चालावं. वर्षभरात लग्न झालं आणि पुढं मुलगी झाली. मुलीचं प्रियदर्शनी हे नाव विश्वजितच्या थोरल्या बहिणीनं, राणीनं ठेवलं. राणीला स्वतःचं मूल नव्हतं.

प्रिया पाच वर्षांची झाली तेव्हा एका छोट्या मिशननं नवराबायकोला मलावीला पाठवायचं ठरवलं. आफ्रिकेच्या नकाशात बोटाएवढा दिसणारा देश. मंगल बापाला सांगायला गावी गेली.

"तितं पाणी हाय का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"लय हाय म्हनत्यात. मोठी नदी हाय."

"मग बरं हाय," तो म्हणाला आणि उठून शेळ्या सोडायला गेला.

नदीचं नाव शिरे. तिच्या खोऱ्यात मैलोन् मैल उसाचा मळा होता, आणि मळ्याच्या कडेला तोडणी कामगारांची वस्ती. पहिल्या दिवशी गाडीतून तो ऊस बघून विश्वजित हसला. "आपण कऱ्हाडच्या पुढं आलोच नाही वाटतं," तो म्हणाला. मंगललाही हसू आलं. पुढं कितीतरी वर्षं तिला त्या देशाचं पहिलं आठवायचं ते हेच, की आपण हसलो होतो.

चर्चला लागून पत्र्याच्या दोन खोल्या मिळाल्या. विश्वजित वस्तीत प्रार्थना घ्यायचा, मुलांना शिकवायचा. मंगलनं खाली नदीच्या अंगाला एका खोलीत दवाखाना मांडला. बाळांची वजनं, बाळंतपणं, तापाची तपासणी. तिथली भाषा ती पुस्तकातून शिकलीच नाही, हापशावर शिकली. बायका घागरी भरता भरता एकेक शब्द तिच्याकडून वदवून घ्यायच्या आणि चुकली की पोट धरून हसायच्या. तिचं नाव कुणी घेत नसे. त्या तिला 'अमायी अ प्रिया' म्हणायच्या, म्हणजे प्रियाची आई. त्या खोऱ्यात लालसर दाण्याची ज्वारी पिकायची. ती दळून मंगल भाकरी थापायची. जाड व्हायची, कडेला चिरायची, पण भाकरी होती. वर शेंगदाण्याची चटणी. दवाखान्यात मदतीला येणारी चिसोमो नावाची विधवा बाई ती भाकरी मन लावून खायची आणि दर वेळी म्हणायची की यापेक्षा आमचा मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला न्सिमा बरा.

तिथंच यशराज झाला. बाळंतपण चिसोमोनं केलं.

प्रिया तोवर तिथलीच होऊन गेली होती. अनवाणी हिंडायची, आईला न कळणाऱ्या शब्दांत मैत्रिणींशी भांडायची. वस्तीतल्या शाळेत एका वर्गात शंभरावर मुलं जमिनीवर बसत. ती नऊ वर्षांची झाली तरी तिला धड मराठी वाचता येईना की इंग्रजी. एकदा राणीचा फोन आला.

"पोरीचं वाटुळं करू नगा. माझ्याकडं धाडा. साताऱ्यात चांगली शाळा हाय. मी काय परकी हाय का?"

विश्वजितला ते पटलं. कामावरचे कितीतरी लोक मुलं अशीच मागं ठेवतात, असं तो म्हणाला. मंगलनं पुष्कळ प्रार्थना केली, पण उत्तर काय आलं ते तिला कधीच नीट कळलं नाही. सुट्टीला आली तेव्हा ती प्रियाला घेऊन आली आणि साताऱ्यात ठेवून गेली.

मुंबईच्या बसला पोचवायला राणी प्रियाला घेऊन स्टँडवर आली होती. यशराज मंगलच्या कडेवर होता. प्रिया रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "यशला नेणार?"

"तो बारका हाय गं अजून."

"मी पण बारकी होते तेव्हा नेलं होतं," प्रिया म्हणाली आणि आत्याचा हात धरून बाजूला उभी राहिली.

त्यानंतर दर रविवारी फोन. सुरुवातीला प्रिया तिकडच्या मैत्रिणींची चौकशी करायची, मग ती थांबली. शाळेत पहिली आली, सायकल शिकली, महाबळेश्वरला सहल गेली, हे सगळं मंगलला राणीकडून कळायचं. मग साथ आली. विमानं बंद झाली, ठरलेली सुट्टी गेली, पुढच्या वर्षीचीही गेली. त्याच काळात एका फोनवर राणी बोलता बोलता सहज म्हणाली, "आता ती शानी झालीय. महिना झाला की." मंगलनं फोन ठेवला आणि दवाखान्यात जाऊन रांगेतल्या पोरीबाळींची वजनं केली. दुपारी चिसोमोनं विचारलं, काय झालं. मंगलला त्या भाषेत सांगता आलं नाही. मराठीतही तिला ते सांगता आलं नसतं.

पुढच्या रविवारी पडद्यावर प्रिया आली. केस विंचरलेले, मागं राणीचं स्वयंपाकघर.

"आई, तुम्ही जेवलात का?" तिनं विचारलं.

आत्याला ती 'तू' म्हणायची. मंगलनं ते आधीच ऐकलं होतं.

यशराज आता आईचं शेपूट झाला होता. दवाखान्यात बाकावर बसून रोग्यांना नंबर द्यायचा. अंगानं बारीक, ताप वरचेवर यायचा, पण औषध घेतलं की दोन दिवसांत पुन्हा हापशावर. आपल्याला साताऱ्यात एक ताई आहे एवढं त्याला ठाऊक होतं. फोनवर तिला तो वस्तीतल्या भाषेत काहीबाही सांगायचा आणि प्रिया "हो का" म्हणायची. तिला त्यातलं आता काही कळत नव्हतं.

दोन हजार तेवीसच्या मार्चमध्ये वादळ आलं. आधी वस्तीत कॉलरा होताच. मग दिवसरात्र पाऊस. शिरे फुगली आणि उसात शिरली, उसातून वस्तीत. चर्च उंचावर होतं म्हणून वाचलं. खालच्या अंगाला असलेला दवाखाना कपाटांसकट गेला. लोक उरलंसुरलं डोक्यावर घेऊन टेकावरच्या शाळेत जमले. एकेका वर्गात चाळीस चाळीस घरं. विश्वजित माणसं काढायला होडीवाल्यांबरोबर गेला होता. मंगल शाळेत जुलाबाचे रोगी बघत होती. जवळ मिठासाखरेच्या पाण्याशिवाय काही उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी यशराजला ताप भरला. नेहमीचाच असेल, असं तिला वाटलं. गोळ्या वाहून गेल्या होत्या. कुणाच्या तरी गाठोड्यात सापडलेली अर्धी पट्टी तिनं त्याला दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला झटके यायला लागले. ती नर्स होती. काय झालंय, कुठलं इंजेक्शन लागेल, ते किती वेळात मिळायला हवं, हे सगळं तिला माहीत होतं. तालुक्याच्या दवाखान्याकडं जाणारा पूल पडला होता. चिसोमोनं एक होडीवाला गाठला. झाडाचं खोड कोरून केलेली होडी, बसायला ओली फळी. मंगल पोराला मांडीवर घेऊन बसली, मागं चिसोमो.

पाण्यावर उसाचे शेंडे दिसत होते. होडीवाला त्यांच्यातून वाट काढत होता. निम्म्या वाटेत यशराजचा श्वास बदलला. मंगलनं तोंडानं श्वास दिला, छाती दाबली, पुन्हा श्वास दिला. होडी डुलायला लागली तसा होडीवाला ओरडला. चिसोमोनं मागून मंगलच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि दाबून धरले. मग तिनं होडीवाल्याला परत फिरायला सांगितलं.

विश्वजित संध्याकाळी आला. चर्चच्या मागं उंचावर त्यांनी यशराजला पुरलं. विश्वजितनं स्वतः शास्त्र वाचलं. आवाज तसाच होता, खणखणीत. मंगलला त्या आवाजाचा तेव्हा पहिल्यांदा राग आला. वस्तीतल्या बायका चर्चच्या जमिनीवर तिच्याभोवती बसून राहिल्या. त्यांची स्वतःची घरं वाहून गेली होती, एकीची म्हातारी अजून सापडली नव्हती. एक उठली की दुसरी येऊन बसायची. मंगलचा पाय अवघडला तर कुणीतरी तो सरळ करून द्यायचं.

पाणी ओसरल्यावर मिशननं दोघांना परत बोलावलं. विश्वजित जायला तयार होईना.

"आता गेलो तर यांना काय वाटेल? वादळ आलं आणि पळाले?"

"तुमी ऱ्हावा," मंगल म्हणाली. "मला पोरगी हाय."

"आणि यश?"

"त्येच्यापाशी तुमी हायसा की."

ती एकटीच निघाली. चिसोमो मोठ्या रस्त्यापर्यंत आली, ट्रक मिळेपर्यंत बसली आणि ट्रक हलल्यावर मागं न बघता निघून गेली.

साताऱ्यात राणीनं दारातच तिला मिठी मारली आणि दोघी रडल्या. प्रिया आत चहा करत होती. सोळा वर्षांची, आईपेक्षा उंच. तिनं चहा आणून ठेवला, बॅग आत नेली, अंथरूण घातलं. कशातच उणं ठेवलं नाही. पाहुण्यांचं करावं तसं केलं.

आठवडाभरानं मंगलनं विषय काढला. सांगलीत एका खासगी दवाखान्यात काम मिळत होतं. "वन्सं, प्रियाला मी संगं न्यावी म्हंते."

राणी मेथी निवडत होती. तिचे हात थांबले. "न्यायची आसंल तर तिला इचार. मी आडवी येनार न्हाई," ती म्हणाली आणि पुढची काडी उचलत, मान वर न करता, "पन माज्यासमोर इचारू नगंस."

मंगलनं विचारलं ते गच्चीवर, कपडे वाळत घालताना. प्रियानं चादर झटकली, दोरीवर टाकली, चिमटे लावले.

"माझी शाळा इथं आहे. आत्याला बीपी आहे. मी नाही येणार."

"बरं."

"तुम्ही त्याला ठेवून घेतलंत ना," प्रिया म्हणाली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा अशा आवाजात बोलली. "मला सोडलंत आणि त्याला ठेवून घेतलंत."

"ठेवून घेतलं म्हनून तो गेला गं," मंगल म्हणाली.

उरलेले कपडे दोघींनी मिळून वाळत घातले.

मंगल सांगलीत खोली करून राहिली. दवाखान्यात ती मुलांच्या वॉर्डात काम मागत नसे. दिलं तर करायची. साताऱ्याला सुट्टीला जायची, राणीच्या हाताखाली स्वयंपाक करायची, प्रियाचं काही दुखलंखुपलं तर राणीला सांगायची, कारण प्रिया राणीचं ऐकायची. विश्वजित तिकडंच आहे. दवाखाना त्यानं पुन्हा बांधला, त्यात दुसरी नर्स आली. तो फोनवर बांधकामाचं सांगतो, पिकाचं सांगतो. यशचं तोही काढत नाही, तीही काढत नाही.

गेल्या वर्षी सांगलीतल्या एका चर्चच्या महिला मंडळानं तिला बोलायला बोलावलं. परदेशातलं काम, देवाची कृपा, असा विषय होता. तिनं दवाखान्याबद्दल सांगितलं, हापशावरच्या बायकांबद्दल सांगितलं आणि बसली. जेवणाच्या वेळी एक तरुण बाई तिच्याजवळ आली. कडेवर वर्षभराची मुलगी. नवऱ्याबरोबर तीही मोझांबिकला निघाली होती. सासूबाई मुलीला इथं ठेवून जा म्हणत होत्या.

"ताई, तुम्ही अनुभवी आहात. नेऊ का ठेवू?"

मंडळाच्या अध्यक्षबाई शेजारीच पंगतीत होत्या. "अगं, देव सांभाळतो," त्या म्हणाल्या. "काय हो, मंगलबाई?"

मंगलनं हातातला घास ताटात ठेवला. "मी एकीला ठेवलं आनि एकाला नेलं," ती म्हणाली. "एकाला पुरून आले. दुसरी मला 'आवं-जावं' करती. तुला काय सांगू, बाई? मला न्हाई ठावं."

अध्यक्षबाईंनी कुणालातरी भात वाढायला सांगितला. तरुण बाई तशीच उभी होती, तेव्हा मंगलनं तिला शेजारी बसवलं आणि तापाच्या औषधांबद्दल, मच्छरदाणीबद्दल, पाणी उकळण्याबद्दल जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. पोरगी तेवढ्यात मंगलच्या ताटातली पोळी ओढून खायला लागली. नाव विचारलं तर आई म्हणाली, प्रेरणा.

त्या मंडळानं तिला पुन्हा बोलावलं नाही. ते कुटुंब गेलं आणि मुलीला बरोबर घेऊन गेलं, असं पुढं कुणीतरी सांगितलं.

मंगल अजून रविवारी चर्चला जाते. मागच्या बाकावर बसते, गाणी म्हणत नाही. देवाशी तिचं बोलणं जवळजवळ संपलेलं आहे. पण लोकांनी आपापल्या विनंत्या सांगायच्या असतात तेव्हा ती उठून उभी राहते आणि मोझांबिकमधल्या प्रेरणासाठी प्रार्थना करा म्हणते. कोण प्रेरणा, हे कुणी विचारत नाही. तिची कुणी भाची असेल, असं सगळ्यांना वाटतं.