दहाच्या विमानाची पाळी

पिंपळीच्या छबूबाईनं मंत्र घालून मुंबईचं विमान आपल्या वांग्यांवर ओढून आणलं, असं लोक अजून छातीठोकपणे सांगतात. साफ खोटं. त्या बाईला खुडूक कोंबडी डालग्याखाली घालता येत नव्हती, ती विमान कुठलं ओढते! घडलं ते याहून वाईट होतं.

तिचा नवरा जोतीराम बोलण्यात फार हुशार, म्हणून शेत तिच्याकडं. अर्धा एकर वांगी आणि पाटाचं पाणी. दर दहा दिवसांनी पाळी. सकाळी दहापर्यंत वरच्या शेतातल्या महिपती आबाचं पाटावरचं दार उघडं, मग तिचं. घड्याळ दोघांकडंही नव्हतं. आबा लिंबाची सावली बघून वेळ सांगायचा, आणि त्याच्या लिंबाची सावली मोठी आळशी होती.

अडतीस साली टपालाचं विमान रोज डोक्यावरनं जाऊ लागलं. बारामतीच्या बाजाराला गेल्यावर छबूबाईनं पोस्टमास्तरांच्या पिशवीत दोन वांगी जास्तीची टाकली आणि विचारलं, "मास्तर, ह्ये मुंबईवरनं हैद्राबादला किती येळात जातं?"

"सरळ आभाळातून पावणेचारशे मैलांच्या वर भरेल. चार तास."

"आन् आमच्या डोस्क्यावर?"

मास्तरांनी भिंतीवरच्या नकाशाला दोरा लावला. "सव्वा तास. पावणेनऊला निघालं की दहाला पिंपळीवर."

झालं. गावानं ठरवून दिलं, विमान गेलं की आबानं दार लावायचं.

पुढच्या चैत्रातल्या एका पाळीला विमान आलंच नाही. ऊन डोक्याकडं सरकलं. वांगी फुलावर होती. आजचं पाणी चुकलं तर दहा दिवसांत सगळा फुलोरा गळणार, हे तिला दिसत होतं.

"आबा, दार लावा. दहा कवाच वाजलं."

"विमान कुठं गेलं? मला तर दिसलं न्हाय बा." आबा बांधावर तंबाखू मळत हसत होता.

तेवढ्यात घरघर सुरू झाली. छबूबाईनं वर पाहिलं. आभाळ मोकळं, ढगाचा ठिपका नाही. घरघर मात्र वाढत गेली, तिच्या दातांत उतरली. साळुंक्या एकदम गप्प झाल्या. मग सावली आली. दोन पंखांची, वांग्यांच्या ओळींवरनं सरकत, विमानाच्या चालीनं नव्हे, गाभण म्हशीच्या चालीनं. ती पाटावर आली तेव्हा पाण्याची खळखळ थांबली. आबाच्या पायांवर आली आणि तिथं जरा थांबली.

वर काहीच नव्हतं.

सावली पुढं गेली. आबानं तंबाखू टाकली, दार लावलं आणि मागं न बघता घर गाठलं. छबूबाईनं आपलं दार उघडलं. पाणी बर्फासारखं गार होतं. त्या दिवसापासून दहाच्या सुमाराला ती आभाळाकडं बघेना, जमिनीकडं बघू लागली.

आठवड्यानं आबा दोन पंच घेऊन तिच्या ओट्यावर हजर. तो बारामतीला जाऊन आला होता. त्या दिवशी विमान मुंबईहून हललंच नव्हतं, इंजिन बिघडलेलं.

"म्हंजी पाळी माजीच चालू व्हती, छबू. ठरल्यालं मोडलंस. आता तुजी फुडची पाळी माजी."

पंचांनी माना हलवल्या. छबूबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"विमान मुंबईतच व्हतं, ह्ये मास्तरांनी मला तुमच्या आधी सांगितलंय, आबा. पर दार मी न्हाय लावलं, तुमी लावलं. कुणाला भिऊन लावलं, तेवढं पंचांम्होरं सांगा आन् माजी पाळी घिऊन जावा."