आमंत्रण घेऊन आलेल्या बायका

सिडनीत माझी पीएचडी चालू आहे ती फुटक्या दगडांवर. प्राचीन ग्रीसमध्ये देवाच्या उत्सवाचं आमंत्रण घेऊन पवित्र दूत गावोगाव फिरत. युद्ध पेटलेलं असलं तरी त्यांच्या अंगाला हात लावायचा नाही, असा दंडक होता. शिलालेखात नेमकं त्यांचं पदच तुटून गेलेलं असतं. मग हा पवित्र दूत की साधा राजदूत, हे ओळखायचं कसं? मी एकच बघते, की तो मागतोय काय. राजदूत सैन्य मागतो, धान्य मागतो, तह मागतो. पवित्र दूत आमंत्रण देतो, पाहुणचार घेतो आणि पुढच्या गावाला लागतो.

आमच्या विहारात येणारी, गिरावीन उपनगरात राहणारी एक वहिनी महिनाभर दिसली नाही. फोन बंद. शेवटची आली तेव्हा दंडावर काळेनिळे वळ होते. दारात अडकला म्हणे हात! दाराला काय बोटं असतात?

माझी मैत्रीण नर्स आहे. ती म्हणाली, "पोलिस येऊन गेले यार. नवरा मागे उभा होता, मग तिनेच सांगितलं, ऑल गुड. आपण इन्व्हिटेशन घेऊन जाऊ. आमंत्रणाला आलेल्या बायकांना दारातून कसा हाकलेल?"

म्हणून आम्ही विहारातला रविवारचा कार्यक्रम रचला. खरा कार्यक्रम काहीच नव्हता.

शनिवारी दुपारी वहिनीच्या नवऱ्याने हसत दार उघडलं. "जय भीम, या ना." सोफ्यावर बसवलं, स्वतः पाणी आणलं. मी आमंत्रण दिलं.

"नक्की येऊ," तो म्हणाला.

"वहिनींनाही सांगते ना."

"झोपलीय ती. मी सांगेन."

"उठवा की. पाच मिनिटं फक्त."

त्याचं हसू गेलं. "तुम्हाला नेमकं काय पाहिजे?"

माझीच कसोटी मला लावली मेल्याने! आणि आत बेडरूमचं दार कुणीतरी धाडधाड वाजवू लागलं.

मी उठले तर त्याने माझे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. ओठ फाटला, तोंड रक्ताने भरलं. मैत्रीण मध्ये पडली, तिला त्याने टीपॉयवर फेकलं. काच फुटली. कोपऱ्यातली बॅट उचलून त्याने माझ्या हातावर घातली आणि हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. दुसरा फटका बसायच्या आत मी उरलेल्या हाताने पाण्याचा स्टीलचा जग त्याच्या कानशिलात हाणला. तो गुडघ्यावर आला तेव्हा पुन्हा हाणला. पवित्र दूत असं करत नसतील. मला त्याचं सोयरसुतक नाही.

मैत्रिणीने बेडरूमची बाहेरची कडी काढली. वहिनी अनवाणी बाहेर आली. एक डोळा पूर्ण मिटलेला, जबडा सुजलेला. त्याच्याकडे न बघता ती त्याला ओलांडून गाडीत जाऊन बसली.

ब्लॅकटाउनच्या हॉस्पिटलकडे निघालो. मैत्रीण गाडी चालवत होती, तिच्या कोपरातून रक्त ठिबकत होतं. मग मागून वहिनीचा आवाज आला, जबड्यामुळे बोबडा.

"मी आतून ऐकलं सगळं. उद्याचा कार्यक्रम किती वाजता आहे?"

खोटं होतं ते, हे सांगायला माझी जीभ वळेना.

"दहा वाजता," मी म्हटलं. "पांढरी साडी नेसा." आणि मला रडू कोसळलं.

मैत्रिणीने गाडीच्या स्पीकरवरून विहाराची किल्ली असणाऱ्या काकांना फोन लावला.