ते गेल्यावर चालू राहिलेली सही

ते गेले त्याच्या पाचव्या दिवशी त्यांच्या फोनवर आलं, आपली सही झाली. मी पोरीला पाजत होती, सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या, लोधीपुऱ्यातल्या दोन बाया भेटायला आलेल्या, अन् उशीखाली फोन थरथरला. पाहिलं तं त्यांचं नाव, खाली केळीच्या लॉटचा नंबर, अन् ती ओळ. फोन परत उशीखाली सारला अन् तोंडाला पदर लावला. बायांना वाटलं मला हुंदका आला.

हे काय होतं ते मला जेवढं कळतं तेवढं सांगते. मी आठवीपर्यंतच शिकलेली आहे, त्यामुळे चुकलं तं समजून घ्या. आमचे हे फोपनारकडच्या एका पॅकहाऊसमध्ये केळी तपासायचे. घडाच्या फण्या कापतात, पाण्यात धुतात, मंग त्यांच्या टेबलावर येतात. ते फणीचा देठ दाबायचे, कापल्या जागेचा वास घ्यायचे, कुठे काळं पडलंय का ते बघायचे. त्यांच्या शर्टांवर केळीच्या चिकाचे डाग असायचे, किती घासले तरी निघायचे नाहीत. माल पास झाला की गळ्यातलं कार्ड टेबलावरच्या मशीनला टेकवायचे, की त्यांची सही लागली. परदेशातला दुकानदार खोक्यावरचा शिक्का फोनने बघतो, त्याला दिसतं की हा माल कोणी तपासला. ते सगळं ब्लॉकचेनवर जातं, अन् एकदा गेलं की कोणाच्या बापाला खोडता येत नाही, असं ते बोलायचे.

ज्या दिवशी त्यांचं खातं उघडलं त्या दिवशी जेवताना मला फोन दाखवत होते. वर वॉलेट लिहिलेलं. मी विचारलं, "अहो, पैसे किती आहेत यात?"

"एक पैसा नाही. नुसत्या सह्या."

"मंग पाकीट कायचं हे?"

"तुझ्या पर्ससारखं. त्यात तरी कधी पैसा असतो? पिना अन् देवीचा अंगारा."

मंग समजावलं. खरी सही करायला एक चावी लागते, लांबलचक आकड्यांची. ती आपल्याकडे नसते, कंपनीच्या सर्व्हरकडे असते. सर्व्हर म्हणजे कुठेतरी ठेवलेली मशीन, रात्रंदिवस चालू. आपलं खातं स्मार्ट आहे, म्हणजे त्याला नियम सांगून ठेवता येतात. यांनी सांगून ठेवलं होतं, माझं कार्ड लागलं की माझ्या नावाची सही तू करत जा, मला दर वेळेस विचारू नको, पण फक्त केळी तपासल्याची, दुसरी कशाची नाही, अन् दिवाळीपर्यंतच. अन् कधी काही झालं तर खातं बंद करायला एक माणूस नेमावा लागतो, राखणदार म्हणतात. तिथे त्यांनी माझं नाव टाकलं.

मी बोलली, "मला काय कळतं त्यातलं? तुमच्या भावाचं टाका."

"भाऊ विसरून जाईल. तू गॅस बंद केला का ते तीनदा बघतेस. असाच राखणदार पाहिजे."

मंग पावसात त्यांना ताप आला. त्या दिवशी अर्ध्या कामावरून घरी आले, कार्ड तिथेच टेबलाच्या खिळ्याला राहिलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, पाचव्या दिवशी गेले. पोरगी दीड वर्षाची आहे.

तं ते कार्ड तिथेच लटकलेलं. आठ-दहा दिवसांनी त्यांच्या जागी रोजाने माणसं लावली, जो कोणी उभा राहायचा तो तेच उचलायचा अन् मशीनला लावायचा. सर्व्हरला काय माहीत की माणूस गेला. त्याला सांगितलं होतं दिवाळीपर्यंत, तो आपला सही करत राहिला.

हे मला दोन-तीन दिवसांत समजलं. भोळी असली तरी इतकी भोळी नाही मी. पण मी कोणाला सांगितलं नाही, ही माझी चूक आहे अन् ती मी लपवणार नाही. सकाळी नऊ-साडेनऊला पहिली सही यायची, त्यांची कामावर पोचायची तीच वेळ. दुपारी जेवणाची सुट्टी व्हायची तेव्हा फोन गप्प, दोन वाजता परत चालू. मी फोन चार्जिंगला लावून ठेवायची अन् कान तिकडे. मला वाटायचं, जगात एक जागा तरी आहे जिथे ते अजून डब्बा घेऊन कामावर जातात. सासूबाई विचारायच्या, कोणाचा फोन आहे गं. मी बोलायची, कंपनीचा मेसेज आहे, रोजच येतात.

तेराव्यानंतर कंपनीच्या हेल्पलाइनवरून माझ्या नंबरवर फोन आला. बाई हिंदीतून बोलत होती. खातेदाराने बऱ्याच दिवसांपासून ॲप उघडलं नाही, पण सह्या होतायत, तुम्ही राखणदार आहात, सगळं ठीक आहे ना. बोलली, "पहले खाताधारक का पूरा नाम बोलिए, रेकॉर्डिंग चल रही है."

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. उखाण्यात घेतलं असेल लग्नात तेवढंच, त्यानंतर नाही. सासूबाई समोर गहू निवडत बसल्या होत्या. मी बोलली, "पोरीचे पप्पा."

"नाम, मॅडम."

"आमच्यात घेत नाहीत वो."

"लिखकर नहीं चलेगा, आवाज़ से पहचान होती है. खाताधारक से बात करा दीजिए फिर."

अन् मी काय बोलली माहीत आहे? मी बोलली, ते कामावर गेले आहेत. तोंडातून निघून गेलं. सासूबाईंनी सुपातून मान वर करून माझ्याकडे पाहिलं अन् परत खाली घातली. ती बाई बोलली, ठीक आहे, मग चालू राहू देते. फोन ठेवला अन् खरं सांगू, मला बरं वाटलं.

नंतर आठ-दहा दिवसांनी पॅकहाऊसचे सुपरवायझर घरी आले. यांच्याबरोबर उठबस होती, मला भाभी म्हणतात. पाणी घेतलं, चहा नको बोलले. मंग सांगितलं की माल खराब निघाला. तिकडे खोके उघडले तं फण्यांचे देठ काळे पडून सडलेले, एक नाही, तीन लॉट. अन् प्रत्येक खोक्यावर यांची सही.

"तिकडचे लोक म्हणतात भाभी, हा माणूस न बघताच पास करतो. त्याच्या सहीचा माल आता नको म्हणतात."

मी बोलली, "पण ते तं नव्हते."

"मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. तिथे फक्त नाव दिसतं. मी ते कार्ड वेळेवर काढायला पाहिजे होतं. गर्दीच्या दिवसात राहून गेलं." मंग बोलले, "आठवतं का, एकदा गाडी भरून उभी अन् याने चार खोके उतरवायला लावले? मालक शिव्या घालत होता. हा म्हणे, घाला शिव्या, पण उतरवा."

मला आठवत नव्हतं. हे असलं घरी सांगायचेच नाहीत. मी आत जाऊन मोरीत तोंड धुतलं अन् परत धुतलं. मला असं झालं की मीच त्यांना रोज सकाळी कामावर पाठवत राहिली, अन् तिथे कोणीपण त्यांच्या नावाने वाईट काम करत राहिलं, अन् मी इथे फोनचा आवाज ऐकून खूश होत बसली.

सुपरवायझर होते तेव्हाच मी हेल्पलाइनला फोन लावला, नाही तं परत हिंमत झाली नसती. तीच बाई का दुसरी, माहीत नाही. परत तेच, नाव बोला. सासूबाई दारात उभ्या होत्या. मी डोक्यावरचा पदर पुढे घेतला, डोळे मिटले अन् नाव घेतलं, त्यांचं, त्यांच्या वडिलांचं, आडनाव. अन् सांगितलं की ते वारले.

मी डोळे उघडले तं सासूबाई रडत होत्या. मला वाटलं रागावल्या. फोन हातात धरूनच मी बोलली, "आई, चुकलं माझं."

"नाही गं," त्या बोलल्या. "महिना झाला, घरात कोणी त्याला नावाने बोलावलंच नाही. सगळे वारला तो, वारला तो. अजून एकदा घे."

मी अजून एकदा घेतलं. फोनवरची बाई बोलली, "जी, एक बार काफी है."

तिने यापुढच्या सह्या बंद केल्या. मी विचारलं, मागच्या सह्या काढता येतील का, ते गेल्यानंतरच्या. नाही बोलली, त्या राहणार, कायमच्या. एवढंच करता येतं की त्या प्रत्येक सहीखाली राखणदार एक ओळ लिहू शकतो. त्यासाठी माझं स्वतःचं खातं पाहिजे. ते दोन मिनिटांत उघडलं, चेहरा दाखवला, आलेला नंबर सांगितला, माझी पण चावी तिकडच्या मशीनकडे गेली. मंग ती बोलली, सांगा काय लिहू.

सुपरवायझर बोलले, लिहा की कार्डाचा गैरवापर झाला. मी बोलली, तसं नको. मी सांगितलं, "लिहा की ही सही त्यांची नाही. या दिवशी ते जिवंत नव्हते. ते असते तर हा माल गेला नसता."

तिने वाचून दाखवलं. विचारलं, असंच टाकू का. मी हो बोलली.

दोन दिवसांनी सुपरवायझरांचा फोन आला की भाभी, शिक्का फोनने बघितला, तुमची ओळ दिसते, तिकडच्या लोकांनी पण वाचली, त्यांना मान्य आहे, त्याचं नाव साफ आहे. मी बोलली बरं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजले, साडेनऊ झाले. पोरगी त्यांच्या फोनशी खेळत होती, मी तिच्या हातून तो घेतला नाही.