आवाज गेला तेव्हा

गेल्या वर्षी ऑगस्टमधली गोष्ट. हिंजवडीत आमची छोटी नर्सरी आहे, आणि त्या वर्षीच आम्ही वर्गात मोठा टीव्ही आणि वेगळा स्पीकर बसवला होता. रोज दहा-पंधरा मिनिटं गाणी... बाकी वेळ नेहमीचंच, माती, ठोकळे, भांडणं.

साडेतीन वर्षांची ईरा तेव्हा नवीनच आली होती. (नाव बदललंय, आणि तिच्या आईला विचारूनच लिहितेय.) आईबाबा मूळचे अमरावतीचे, दोघंही आयटीत. ईरा हसरी, शांत... पण बोलणं जवळपास नाहीच. "मम्मा" आणि "दे", एवढंच.

तिच्या बाबांनी पहिल्याच आठवड्यात मला गाठलं. "मॅडम, टीव्हीच्या वेळी हिला बाहेर बसवाल का? मोबाईलमुळेच ती बोलत नाही, सगळे तेच म्हणतात. आम्ही घरी पूर्ण बंद केलाय."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, अपराधीपणा होता. ईरा तान्ही असताना दोघांचंही काम घरूनच चालायचं. कॉल सुरू झाला की तिच्यासमोर मोबाईल... त्यावरून नातेवाईकांनी तिच्या आईला बरंच ऐकवलं होतं.

मी म्हटलं, एकटीला बाहेर बसवलं तर तिला ती शिक्षा वाटेल. थोडे दिवस बघूया. ते नाइलाजाने हो म्हणाले.

गाण्यांत ईरा सगळं करायची. हात वर, टाळी, गिरकी... फक्त इतरांच्या किंचित मागून. मला वाटायचं, नवीन आहे, होईल सवय.

त्या दिवशी बदकांचं गाणं लावलं होतं आणि मध्येच स्पीकर बंद पडला. चित्र चालू, आवाज गायब. मी मुलांच्या मागे उभी होते. सगळी पोरं एकदम वळून माझ्याकडे बघायला लागली. "टीचर, आवाज गेला..."

ईरा वळली नाही. पडद्याकडे बघत ती बदकासारखे हात हलवत राहिली. तशीच हसत.

मी कोपऱ्यातली खंजिरी घेतली आणि तिच्या पाठीमागे जाऊन जोरात वाजवली. शेजारी बसलेला मुलगा दचकला. ईराला पत्ताच नव्हता.

दुपारी तिची आई न्यायला आली, तेव्हा तिला आत बसवून घडलेलं सांगितलं. विचारलं, कान कधी तपासलेत का?

"ऐकू येतं हो तिला. हाक मारली की येते ना..." बोलता बोलता ती थांबली. मग हळूच म्हणाली, "समोरून मारली की येते."

मी कानाच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून तिच्या हातात दिला.

तपासणी झाली. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येत होतं. डॉक्टर म्हणाले, आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, पण अजून वेळ गेलेली नाही. संध्याकाळी बाबांचा फोन आला. "मॅडम, आम्ही दोघं वर्षभर त्या मोबाईलवरून भांडत होतो..."

कानामागची यंत्रं आली, आणि सगळं लगेच छान झालं असं मुळीच नाही. ईरा ती ओढून काढायची, वर्गातल्या गलक्याने रडायची. आम्ही कितीतरी दिवस टीव्ही बंदच ठेवला. एका वेळी एकानेच बोलायचं, हे बाकीच्या मुलांनाही हळूहळू जमलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिची आई गेटवर भेटली. "काल मी भांडी मुद्दाम आपटून आपटून घासली, मॅडम. दर वेळी ही खेळ टाकून धावत आली. शेवटी ओट्यापाशीच बसून राहिली. खालच्या काकूंचा मेसेज आला, जरा हळू... मी लिहिलं, आजच्या दिवस सांभाळून घ्या." सांगताना ती हसत होती, आणि डोळे पुसत होती.

ईराला अजून पुष्कळ शब्द गोळा करायचेत. वाट लांब आहे...

लहान मुलांच्या वर्गात टीव्ही असावा का, असं पालक मला अजूनही विचारतात. ठाम उत्तर माझ्याकडे नाही. मुलं पडद्याकडे बघत असतील, तेव्हा कुणीतरी मुलांकडे बघत असावं... मला कळलंय ते एवढंच.